बाविसावा नंबर

पहिल्या मुलाखतीत मी आपटले ती एका शब्दावर. शब्द होता क्लोजर. जावास्क्रिप्ट ही वेबसाइटी लिहायची भाषा मी चार वर्षं कराडला शिकले होते, आणि त्या भाषेतली ही गोष्ट मुलाखतीत हमखास विचारतात, हे आमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी व्याख्या घोकून ठेवली होती. पुण्याच्या कंपनीतला माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत होता. त्यानं विचारलं, आणि मी एका दमात सांगून टाकलं : फंक्शन ज्या जागी तयार होतं तिथली व्हेरिएबल्स ते लक्षात ठेवतं, ती जागा संपली तरी. तो म्हणाला, "छान. आता तुमच्या शब्दांत सांगा."

माझ्या शब्दांत मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, फक्त जरा सावकाश. मग त्यानं पाच ओळींचा प्रोग्राम दाखवला आणि विचारलं, हा काय छापेल? मी छातीठोकपणे सांगितलं, एक, दोन, तीन. तो म्हणाला, "नाही. तीन, तीन, तीन." का, ते त्यानं सांगितलं नाही. "समजल्यावर परत कळवा, आम्ही आणखी एकदा बोलू," एवढं म्हणून तो पडद्यावरून नाहीसा झाला. मागच्या दारात आई भांडी घासत होती. तिनं विचारलं, "झालं गं?" मी म्हटलं, "झालं." खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, कराडच्या खाली. नदीवर मोटर बसवून शेतकऱ्यांनी काढलेली पाणीपुरवठा संस्था आहे, तिचे बावीस सभासद, आणि माझे वडील, म्हणजे आबा, त्या संस्थेचे पाटकरी. पाटकरी म्हणजे कुणाला कधी पाणी मिळणार ते ठरवून देणारा माणूस. पाइपलाइन एकच, ती नदीपासून निघून शेवटच्या शेतापर्यंत जाते, आणि प्रत्येकाच्या शेताच्या कोपऱ्यावर एक लोखंडी चावी आहे. आपला नंबर आला की आपली चावी उघडायची, दोन तासांनी बंद करायची. दिवसाला आठ तास लाइट, म्हणजे रोज चार नंबर, आणि साडेपाच दिवसांत एक फेरा पुरा.

पहिला नंबर चेअरमनचा, कारण त्यांचं शेत मोटरीला लागून. बाविसावा नंबर टेलच्या आजोबांचा. पाइपलाइनीच्या शेवटाला आमच्याकडं टेल म्हणतात. आजोबांचं शेत तिथं, अगदी माळाच्या पायथ्याला. सहाव्या दिवशी त्यांचा नंबर यायचा तोवर काही ना काही झालेलं असायचंच. लाइट जायची, नाहीतर पाइप फुटायचा, नाहीतर वरच्या कुणीतरी चावी जराशी ढिली ठेवलेली असायची आणि आजोबांच्या चावीतून शेंबूड गळाल्यासारखं पाणी यायचं. ते कधी भांडले नाहीत. "यील यील," म्हणायचे. त्यांचा ऊस इतरांच्या उसाच्या कमरेला लागायचा.

आबांची पद्धत ठरलेली. फेरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शाळेच्या वहीची पानं फाडून ते बावीस चिठ्ठ्या लिहायचे. नाव, वार, वेळ आणि खाली सही. मग मोटरसायकलवरून प्रत्येकाच्या हातात नेऊन द्यायचे. आबांची चिठ्ठी खिशात नसेल तर आपल्याच शेतातली चावी कुणी उघडायची नाही, हा तीसेक वर्षांचा रिवाज. शेजारच्या गावांत पाण्यावरून डोकी फुटली, पण आमच्याकडं कधी नाही, आणि त्याचं कारण ही चिठ्ठी होती. आबांना संस्थेत कुणी फार मोठा मान देत होतं असं नाही, पण त्यांच्या चिठ्ठीवर मात्र कुणी शंका घेतली नव्हती. त्यांच्याकडं इस्टेट म्हणावी अशी ती एवढीच होती.

माझी मुलाखत झाली त्याच आठवड्यात आबा ओल्या पाइपवरून घसरले आणि गुडघा सुजला. डॉक्टरांनी महिनाभर बांधावर पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं. आईनं लगेच फर्मान काढलं, "चिठ्ठ्या ही वाटंल. स्कूटी हाय की."

"मी इंजिनिअर झाले ते चिठ्ठ्या वाटायला?" मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात, पण म्हटलं खरं. मुलाखतीचा राग होता तो. मग मी आबांच्या खाटेवर बसून त्यांना समजावलं की आता चिठ्ठ्यांची गरजच नाही. मी प्रोग्राम लिहिते. सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि वेळा त्यात घालते. ज्याची वेळ होईल त्याच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जाईल : पाण्याचा तुमचा नंबर लागला आहे, चावी उघडा.

आबा म्हणाले, "मेसेज खिशात ऱ्हातो व्हय?"

"मोबाइल खिशातच असतोय ना आबा!"

"आन चुकला तर?"

"कॉम्प्युटर चुकत नाही."

आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. त्यांनी माझ्या शिक्षणावर घातलेल्या विश्वासाचा तो शेवटचा हप्ता असावा. "कर मग," म्हणाले, आणि खाटेवरूनच चेअरमनना फोन लावला. "ह्या फेऱ्याला चिठ्ठी न्हाई. मेसेज यील. मेसेज म्हंजी माझी चिठ्ठीच समजा." आबांनी आपली इस्टेट माझ्या नावावर केली म्हणा ना.

प्रोग्राम मी एका दुपारात लिहिला. यादीतला एकेक सभासद क्रमानं घ्यायचा आणि त्याच्या वेळेला मेसेज पाठवायचं काम लावून ठेवायचं, मग पुढचा घ्यायचा. चाचणी घेतली ती यादीत फक्त माझं एकटीचं नाव घालून. मिनिटभरात माझ्या मोबाइलवर मेसेज आला. मी तो आबांना दाखवला, आईला दाखवला, आणि चाचणी संपली असं जाहीर केलं. एकाच नावाच्या यादीत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता फेरा सुरू झाला. लॅपटॉप साडेपाच दिवस बंद करायचा नव्हता, म्हणून मी तो कपाटावर ठेवला आणि प्लगवर कागद चिकटवला : हात लावू नये. आईला मिक्सर लावायला तोच प्लग लागायचा. तिनं चटणी पाट्यावर वाटली आणि मला ऐकू जाईल इतपत वाटली.

सात वाजता पडद्यावर ओळ उमटली : मेसेज गेला. मी आबांना म्हटलं, "चेअरमनना गेला." आबा समाधानानं चहा प्यायले.

साडेसातला चेअरमनचा फोन. "पाटकरी, मेसेज कुटं हाय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "गेलाय. इथं दिसतंय."

"गेलाय म्हणती," आबांनी सांगितलं.

"मग आला का न्हाई?"

"रेंज नसेल," मी म्हटलं.

आमच्या गावात मोबाइलच्या रेंजवर ढकललेली कुठलीही गोष्ट चालून जाते. चेअरमन मोबाइल घेऊन घराच्या गच्चीवर गेले, मग शेतातल्या शेडवर चढले. मोबाइल बंद करून चालू केला. सुनेला विचारलं, नातवाला विचारलं. पण चावी उघडली नाही. चिठ्ठीशिवाय चावी उघडायची नाही हा नियम त्यांनीच चारचौघांत कितीदा सांगितला होता, आता स्वतः कसा मोडणार? त्यांचे दोन तास गेले.

नऊ वाजता दुसरी ओळ : मेसेज गेला. दुसरा नंबर फौजींचा. लष्करातून रिटायर झालेला गडी, पावणेनऊलाच खोरं खांद्यावर टाकून आपल्या चावीपाशी सावधान उभा. नवाचे दहा वाजले, दहाचे अकरा. त्यांनी चावीला हातसुद्धा लावला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ऑर्डर आल्याबिगर हालायचं न्हाई. वीस वर्सं तेच केलं."

अकराचा तिसरा नंबर एका गलाईवाल्याचा. आमच्या बाजूची, विट्याकडची माणसं सोनं गाळायची दुकानं टाकून कुठं कुठं पार दक्षिणेपर्यंत पसरलेली आहेत, त्यातले हे एक. शेत भाऊ कसतो, पण सभासद हेच, म्हणून यादीत मोबाइल नंबर त्यांचा. पंचवीस वर्षं ते तमिळ मुलखात राहतात, पण त्यांना गावातल्या कुठल्या म्हशीला कधी रेडकू झालं हेही माहीत असतं. सव्वाअकराला त्यांचा फोन आला.

"मेसेज न्हाई आला."

"रेंज नसेल," मी म्हटलं.

"आवं, फाइव्ह जी हाय हितं! सगळ्या काड्या हायत!"

एवढ्या लांब, एवढ्या रेंजमध्ये असलेल्या माणसालाही मेसेज गेला नाही, म्हणजे गोष्ट रेंजची नव्हती. पण पडद्यावर तर तीन ओळी स्पष्ट दिसत होत्या : गेला, गेला, गेला. मी आबांना म्हटलं, "मेसेज जातायत. आता त्या कंपनीकडनं उशीर होत असेल." कुठल्या कंपनीकडनं, ते मला तरी कुठं माहीत होतं!

सोमवार तसाच गेला. मंगळवारीही चार ओळी उमटल्या आणि गावात एकालाही मेसेज मिळाला नाही. ऐन उन्हाळ्याचे दिवस, उसाच्या शेंड्याची पानं गुंडाळी व्हायला लागलेली. मोटर मात्र दोन्ही दिवस आठ-आठ तास चालू होती, आणि पाणी कुठं जातंय ते कुणाला ठाऊक नव्हतं. मंगळवारी दुपारपर्यंत गावात बोलायला सुरुवात झाली. पाटकऱ्यानं पाणी विकलं, असंसुद्धा कुणीतरी म्हणालं. आईला ते विहिरीवर ऐकू आलं. घरी आल्यावर ती मला काही बोलली नाही, आबांनाही नाही. चटणी वाटायला बसली. त्या दिवशी तिच्या वरवंट्याच्या आवाजाला मी खरोखर घाबरले. तीस वर्षांत आबांच्या चिठ्ठीला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि मी दोन दिवसांत त्यांना पाणीचोर करून ठेवलं होतं.

संध्याकाळी, ऊन कलल्यावर, टेलचे आजोबा आमच्या दारात आले. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. मी आजपर्यंत त्यांच्या पायाला धूळ बघितली होती, चिखल कधी बघितला नव्हता. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि हात जोडून आबांना म्हणाले, "पाटकरी, आता पुरं करा. लय झालं. ऊस आडवा पडंल."

आबा खाटेवर उठून बसले. "काय पुरं करू?"

आजोबांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, बटणांचा जुना. तो त्यांनी माझ्या हातात दिला. एकामागून एक आठ मेसेज होते. आठही तेच : पाण्याचा तुमचा नंबर लागला आहे, चावी उघडा. सोमवारी सातला, नऊला, अकराला, एकला. मंगळवारी पुन्हा तसेच. चेअरमनचा मेसेज, फौजींचा मेसेज, गलाईवाल्यांचा मेसेज, सगळे आजोबांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसले होते.

"सून वाचून दावती," आजोबा सांगत होते. "पयला आला तवा वाटलं चुकून आला. पर तुमी सांगितलं हुतं, मेसेज म्हंजी चिठ्ठी. म्हणून उघडली चावी. आन पाणी! आवं, नळकांडं फुटावं तसं पाणी आलं. मग परत मेसेज. परत. मला वाटलं..." इथं ते थांबले. खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, पाटकऱ्याच्या ध्यानात आलं एकदाचं. इतक्या वर्सांचं जमा करून एकदम देत्यात. म्हणून कुणाला बोललो न्हाई. बोललो आन बंद झालं तर?"

मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि ती चूक माझी होती म्हणून नव्हे, तर ती चूक होती हे आता या म्हाताऱ्याला सांगावं लागणार होतं म्हणून. ते आबांनीच सांगितलं, हळू आवाजात. मशीन चुकलं म्हणाले, माझं नाव घेतलं नाही. आजोबा ऐकून घेत "व्हय व्हय" म्हणत राहिले. "मला वाटलंच हुतं," असंही म्हणाले, जे त्यांच्या आधीच्या बोलण्याशी जुळत नव्हतं. मग चिखल वाळायच्या आत गेले.

मी मेसेज पाठवणं थांबवलं आणि प्रोग्राम उघडून बसले. यादी बरोबर होती, मोबाइल नंबर बरोबर होते, वेळा बरोबर होत्या. तरी बाविसाव्याला सगळं का? एक ओळ दहादा वाचली. शेवटी आबांनी खाटेवरून विचारलं, "तुजं मशीन सांगतं कसं त्ये तरी सांग."

रागानंच मी सांगायला लागले. म्हटलं, एक डबा आहे. त्या डब्यात यादीतला पहिला सभासद ठेवते आणि एक काम लावते, की सात वाजता डब्यात जो आहे त्याला मेसेज पाठव. मग डब्यात दुसरा ठेवते, आणि नऊ वाजताचं काम लावते, की डब्यात जो आहे त्याला पाठव. असे बावीस.

"ह्ये सगळं कवा करतंय? त्या त्या वेळंला?"

"नाही. कामं लावून ठेवते ती सगळी एकदमच, सुरुवातीला. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"आन डबा एकच?"

"एकच."

आबा हसले. गुडघा सुजल्यापासून पहिल्यांदा हसले असतील. "पाटी केलीस की गं माझी!"

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. पाटकरी झाल्यावरचा त्यांचा पहिला फेरा. तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या. त्यांनी मोटरीच्या खोलीबाहेर शाळेतली एक पाटी टांगली. चेअरमनच्या वडलांना बोलावलं, पाटीवर त्यांचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "तुमी आपल्या टायमाला या, पाटी बघा, पाटीवर असंल त्यानं पाणी घ्यायचं." मग ते नाव पुसलं, दुसऱ्याचं लिहिलं, दुसऱ्यालाही तेच सांगितलं. असं करत बावीस जणांना सांगून आबा मोकळे झाले, आणि बहिणीकडं जत्रेला निघून गेले. जो तो आपापल्या वेळेला आला, पाटीपुढं उभा राहिला. पाटीवर कुणाचं नाव? बाविसाव्याचं. प्रत्येकजण आला, वाचलं आणि परत गेला.

"मग पाणी बाविसाव्यानं घेतलं?" मी विचारलं.

"कुटलं! टेलला ह्योच गडी हुता, तवा तरणा. त्यो पाटी बघायला आलाच न्हाई. म्हणाला, शेवटचा हाय मी, बघायचं काय? यील तवा यील. तीन दिस पाणी वड्याला गेलं."

"मग?"

"मग काय. जत्रंतनं आलो, शिव्या खाल्ल्या, पाटी फोडली. तवापासनं चिठ्ठी. पाटी एक आन माणसं बावीस, असं न्हाई चालत. ज्याचं त्याला लिवून त्याच्या हातात द्यावं. मग मी जत्रंला जाऊ दे न्हाईतर खोलीला कुलूप लागू दे, कागद त्याच्या खिशात हाय."

चार वर्षं घोकलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकू येत होतं. फंक्शन, म्हणजे लावून ठेवलेलं काम, जिथं जन्मतं त्या जागेची वस्तू बरोबर नेतं, ती जागा बंद झाली तरी. पण माझ्या बावीस कामांनी बरोबर नेलं होतं ते नाव नव्हतंच. पाटी नेली होती, एकच पाटी, बावीस जणांत मिळून. ज्याची वेळ झाली त्यानं पाटीवर बघितलं, आणि तोवर पाटीवर शेवटचं नाव येऊन थांबलेलं. मुलाखतीतले तीन, तीन, तीन हेच. क्लोजर लक्षात ठेवतं हे मला पाठ होतं. ते नक्की काय लक्षात ठेवतं, हे विचारायची गरज मला वाटली नव्हती.

दुरुस्ती एका शब्दाची होती. डबा मी जुन्या पद्धतीनं केला होता, 'व्हार' लिहून, त्यामुळं तो बावीसही जणांसाठी एकच राहिला. त्या जागी 'लेट' लिहिलं की यादीतल्या प्रत्येकासाठी वेगळा डबा तयार होतो. प्रत्येकाला आपली चिठ्ठी. इतकंच.

पुढं त्या पुण्याच्या माणसाशी परत बोलणं झालं तेव्हा मी व्याख्या सांगितलीच नाही. पाटी आणि चिठ्ठी सांगितली. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, "बरोबर. पण त्या शेवटच्या म्हाताऱ्यांचं पुढं काय झालं?" मुलाखतीत ते सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथं सांगते.

बुधवारी सकाळी मोटरीच्या खोलीपुढं सभासदांची सभा बसली. आबांना फौजींच्या मोटरसायकलवर मागं बसवून, पाय लांब ठेवून नेलं. मीही गेले. चेअरमन उभे राहूनच बोलत होते. दोन दिवस बिनपाण्याचे गेले, याचा जाब कोण देणार? आणि सगळं पाणी नेमकं टेललाच कसं गेलं? पाटकरी बदला, असं त्यांनी सरळ म्हटलं. कुणी हो म्हटलं नाही, पण नाही असंही कुणी म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी उभी राहिले. "चूक माझी आहे," मी म्हटलं, "आबांनी चिठ्ठ्याच द्यायचं म्हटलं होतं. मी ऐकलं नाही." मग मी पाटीची गोष्ट सांगितली, आबांची परवानगी न घेता. म्हाताऱ्या सभासदांतले दोघं-तिघं एकदम हसायला लागले. "आरं व्हय की! त्यो पयला फेरा!" एकजण म्हणाला, "जत्रंला गेलता ह्यो!" तीस वर्षांपूर्वीच्या शिव्या पुन्हा एकदा, पण आता हसत, आबांना मिळाल्या. गलाईवाले भावाच्या मोबाइलवर, स्पीकरवर होते. ते तमिळ मुलखातून ओरडले, "पाटी मी बघितलेली हाय! मी शाळंत हुतो!" हवा जरा निवळली.

तेवढ्यात मागं बसलेले टेलचे आजोबा उठले. म्हणाले, "माजं पाणी झालंय लय. ह्यो फेरा मी सोडतो. म्होरचाबी सोडतो. पर पाटकरी बदलू नगा." आणि बसले.

आबा बसल्या जागेवरून बोलले. आवाज चढवला नाही. "पाटकरी बदलायचा तर बदला. पर मी हाय तवर एक सांगतो. ह्यो फेरा पयल्यापासनं, बरोबर हुईल. म्होरचा फेरा टेलपासनं सुरू. मग परत वरनं. असा आलटून पालटून."

"मंजी मी शेवटाला?" चेअरमन म्हणाले.

"एक फेरा सोडून एक. बघा की शेवटाला पाणी येतंय का. आलं तर चांगलंच हाय."

चेअरमन अडकले. शेवटाला पाणी येत नाही असं म्हणावं, तर टेललाही पुरेसं पाणी पोचतं असं इतकी वर्षं तेच सांगत आले होते. फौजी म्हणाले, "ठीक हाय," आणि त्यांच्या आवाजात ती ऑर्डरच वाटली. सभा उठली. आबांनी येताना मोटरसायकलवरून मला एवढंच म्हटलं, "यादी उलटी करता येती न्हवं तुला?" मी म्हटलं, येते. ते मात्र मला खरंच येत होतं.

त्या फेऱ्यातले बावीस मेसेज बावीस जणांना गेले. आधी मी खोटी बावीस नावं घालून तीनदा चाचणी घेतली, आणि तरी रोज सकाळी स्कूटीवरून जाऊन चौघांना तोंडानं विचारून आले. चेअरमननी मेसेज आला म्हणून फोन करून सांगितलं, जणू तो त्यांनीच पाठवला होता. आईला तिचा प्लग परत मिळाला, कारण लॅपटॉपसाठी मी एक्स्टेंशन आणलं. एवढी अक्कल आधी का आली नाही, असं तिनं विचारलं, आणि त्यावर माझ्याकडं व्याख्या नव्हती.

पुढच्या फेऱ्याची यादी मी उलटी केली. फेऱ्याच्या पहिल्या दिवशी सकाळी सातला पडद्यावर ओळ आली. आबा तोवर काठी घेऊन ओसरीवर येऊन बसले होते. सात-वीस झाले, आणि टेलचे आजोबा दारात. पाय कोरडे, बटणांचा मोबाइल हातात उघडा.

"ह्ये चुकून आलंय का बरोबर हाय?" त्यांनी विचारलं.

"बरोबर हाय," मी म्हटलं. "आजोबा, पहिला नंबर तुमचाच."

त्यांनी मान डोलावली, पण हलले नाहीत. मोबाइलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आबांकडं बघत उभे राहिले. चावी तशीच बंद, पाणी पाइपात तटून राहिलेलं, आणि त्यांच्या दोन तासांतली मिनिटं चालली होती. "अहो, पळा!" मी ओरडले. ते तसेच उभे.

आबांनी मला कपाटातली वही आणायला सांगितलं. पान फाडलं. मांडीवर ठेवून सावकाश लिहिलं : नाव, वार, वेळ, नंबर एक. खाली सही केली. आजोबांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, वरून खिसा चाचपला. मग सत्तरी ओलांडलेला तो माणूस धोतराचा सोगा हातात धरून बांधावरून पळत सुटला.

आबांनी वही माझ्याकडं दिली. "सगळ्यांचा टाइम अर्धा तास म्होरं ढकल," म्हणाले. "इचारलं कुणी, तर सांग, पाटकऱ्यानं चिठ्ठी द्यायला उशीर केला."